जी३ भूचुंबकीय वादळाचा (जी१ ते जी५ मधलं तिसरं) इशारा होता तरी काहीच झालं नाही, अंदाज चुकतो कुठे?

निशाचर_पुणे: मंडळी, मे २०२४ला लडाखच्या हान्लेतल्या कॅमेऱ्यात लाल अरोरा (ध्रुवीय प्रकाश) आला तेव्हापासून नोआ या अमेरिकी संस्थेचे सौरवादळाचे अलर्ट बघतोय. मध्यंतरी जी३चा वॉच (आगाऊ इशारा) होता, रात्रभर जागलो, केपी (चुंबकीय खळबळीचा ० ते ९ आकडा) ४च्या वर गेलाच नाही. सूर्यावरचा स्फोट दिसतो, वेग मोजता येतो, मग एवढं मोघम का? लेहचं तिकीट कशाच्या भरवशावर काढायचं?

उणे_बीझेड: कधी येणार ते साधारण कळतं, किती जोरात ते कळत नाही. सीएमई, म्हणजे स्फोटात सूर्याने फेकलेला वायूचा आणि चुंबकीय क्षेत्राचा लोट, निघाली की एक ते तीन दिवसांत पोचते, त्यातही काही तास इकडेतिकडे होतातच. पण खरी मेख तिच्या आतल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत आहे. बीझेड, म्हणजे त्या क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, दक्षिणेकडे म्हणजे आलेखात उणे असला तर ते क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत घुसते, उत्तरेकडे असला तर तेवढीच मोठी सीएमई बरीचशी नुसती घासून जाते, आणि ही दिशा लांबून दिसतच नाही. सीएमई पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किमीवरच्या एल१ या बिंदूला पोचली की तिथली यानं मोजतात (आपलं आदित्य एल१ पण तिथेच आहे), मग हातात अर्धा-पाऊण तास, वेगात असेल तर वीसेक मिनिटं. केपी तीन तासांचा आकडा आहे हो, त्याच्याकडे बघत बसू नका, बीझेड बघा. उणे वीस नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली तासन्‌तास टिकला तर मजा.

रात्रपाळी: उलटंही चुकतं. मे २०२४ला वॉच जी४चाच होता आणि झालं जी५, कारण सूर्यावरच्या एकाच डागसमूहातून निघालेल्या बऱ्याच सीएमई एकामागोमाग येऊन धडकल्या.

अलिबागकर: आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं मूळ कुलाब्याचं, मुंबईत विजेच्या ट्राम येऊन वाचनं बिघडणार म्हणून १९०४ला इकडे हलवली. सप्टेंबर १८५९च्या कॅरिंग्टन नावाच्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याला माणसं डोळ्यांनी वाचन घेत होती, सुई हलायला लागल्यावर तासाऐवजी काही मिनिटांनी. १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली त्यांनी! मे २०२४ला डीएसटी (अनेक वेधशाळांवरून काढलेली जगभराची सरासरी घसरण) उणे ४००च्या आसपास होता, म्हणजे विचार करा. त्या वह्यांवर आजही संशोधन होतं याचा फार अभिमान वाटतो.

निशाचर_पुणे: भारी माहिती, आभार सगळ्यांचे. म्हणजे अलर्ट बघून पुण्याहून निघण्यात अर्थ नाही?

उणे_बीझेड: नाहीच. अमावस्येच्या आसपास आकाशगंगेसाठी म्हणून जा, लेहला दोन-तीन दिवस थांबून मगच वर हान्लेला चढा. अरोरा उत्तरेला क्षितिजालगत येतो, नुसत्या डोळ्यांना कदाचित दिसणारही नाही, कॅमेरा लांब एक्सपोजरवर लावून ठेवा.