रक्त रुग्णासाठी दिलं. गाळणीतल्या पांढऱ्या पेशी कुणाच्या?

पांढरपेशा:
दान केलेलं रक्त चढवण्याआधी अनेक रक्तपेढ्या ते गाळतात, कारण दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे रुग्णाला ताप येऊ शकतो. गाळणीत अडकलेल्या कोट्यवधी पेशी मग कचऱ्यात जातात, नाहीतर प्रयोगशाळेत. या पेशींना चेतवतं कोण, आवरतं कोण, याचा तिथे अभ्यास होतो. होऊ दे. पण मी रक्त दिलं ते रुग्णासाठी. प्रयोगासाठी मला वेगळं विचारा. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापली म्हणजे विचारलं असं होत नाही.

लॅबवाली:
जे जाळूनच टाकायचं, त्याला कसली परवानगी? उंदरांवर सगळं भागत नाही हो. उंदराच्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट हा प्रकार जास्त, माणसाच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल. आणि हे न्यूट्रोफिल भलते नाजूक: गोठवून ठेवता येत नाहीत, काही तासांत मरायला लागतात. गाळणी उशिरा आली म्हणून अख्खा दिवस वाया गेलाय माझा, एकदा नाही, कितीदा. त्यात आणि परवानगीची वाट बघू?

पांढरपेशा:
वाट कशाला? सुई टोचायच्या आधीच विचारा. फॉर्मवर एक चौकट, हो किंवा नाही. जॉन मूरचं प्रकरण आठवा. १९७६ मध्ये ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगासाठी त्याची प्लीहा काढली, डॉक्टरांनी त्याच्या टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, वाढवून त्यांचं पेटंट घेतलं. त्याला पत्ताच नाही. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पेशींवरची त्याची मालकी नाकारली, पण डॉक्टरने आपला स्वार्थ सांगायला हवा होता, असंही बजावलं.

लॅबवाली:
मूर डॉक्टरांचा रुग्ण होता, त्याला पुन्हा पुन्हा बोलावून नमुने घेतले. माझ्या गाळणीवर नुसता क्रमांक असतो.

शंकेखोर:
क्रमांकामागे डीएनए असतोच की. पण माझी शंका वेगळी आहे. दाता निवडून घेतलेला, ठणठणीत. पांढऱ्या पेशींचा लगाम सुटतो, त्या आपल्याच शरीरावर उलटतात, ते ल्युपससारख्या आजारात, संधिवातात, आणि अशा बऱ्याच रुग्णांचं रक्त पेढी घेतच नाही. मग निरोगी रक्तात तुम्ही शोधताय काय?

लॅबवाली:
लगाम! तो सुटला हे कळायला आधी धरलेला कसा असतो ते माहीत नको? २०२५ चं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं, ते इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशींच्या कामासाठी. त्यांची ओळख म्हणजे फॉक्सपी३ हे प्रथिन. उंदरात ही खूण जवळजवळ पक्की. माणसात मात्र साधी टी पेशी चेतवली तरी ती थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवते. म्हणजे नुसत्या खुणेवर विसंबलं तर आग लावणाऱ्यालाच बंबवाला समजून बसू. हे निरोगी माणसाच्या पेशी हाताळूनच कळतं.

शंकेखोर:
बरं, हे पटलं. पण रुग्णांचे नमुने शेजारी हवेतच.

पांढरपेशा:
विज्ञानाबद्दल माझी तक्रार नव्हतीच. चौकटीचं काय?

लॅबवाली:
ठेवा चौकट. पण 'नाही' म्हणणाऱ्यांच्या गाळण्या रोज वेगळ्या काढत कोण बसणार?

पांढरपेशा:
एचआयव्हीच्या चाचणीत दोष निघाला की हजारातली तीच पिशवी बाजूला काढता ना? त्याच बारकोडने.