किडनीचा विकार आणि नैराश्य: थोडी भर
किडनीच्या रुग्णाचे मन खचले की नैराश्यावरची गोळी लगेच सुरू करावी, असे काही जण सुचवतात. ते इतके सरळ नाही. अमेरिकेतील संशोधक डॉ. सुसान हेदायती यांनी डायलिसिस सुरू न झालेल्या, पण मूत्रपिंडविकार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या 201 रुग्णांना 12 आठवडे सर्ट्रालीन (नैराश्यावरचे एक औषध) किंवा औषध नसलेली गोळी देऊन पाहिली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. मळमळ आणि जुलाब मात्र सर्ट्रालीन घेणाऱ्यांना अधिक झाले. डायलिसिसवरील रुग्णांचा प्रश्न वेगळा आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

माझ्या मते खरी अडचण निदानाची आहे, कारण थकवा, भूक मरणे, झोप न लागणे ही लक्षणे रक्तात युरिया साचल्यानेही दिसतात आणि नैराश्यानेही. खानापूरहून बसने बेळगावला येऊन चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून पडणारा, भर उन्हाळ्यात पाणी मोजून पिणारा आणि सोबतच्या मुलाचा रोजगार बुडतो म्हणून खंतावणारा माणूस "दमलोय" म्हणतो, तेव्हा हिमोग्लोबिन तपासले जाते. ते योग्यच, पण कशातच मन लागत नाही का, जगणे नकोसे वाटते का, हेही त्याला विचारले पाहिजे, आणि तो मराठी बोलणारा असेल तर मराठीतूनच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. गोळीचा निर्णय मात्र किडनीतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा. मेडिकलमधून परस्पर आणू नये.