जुन्या गाण्यांची प्लेलिस्ट: आवाज वरखाली, साल चुकीचं, आवृत्ती भलतीच. काय करावं?

कानसेन

घरगुती कार्यक्रमासाठी तीन तासांची प्लेलिस्ट करायची आहे. १९५० च्या दशकापासून २००० पर्यंतची लोकप्रिय गाणी. ऐकणाऱ्यांत सर्वांत ज्येष्ठ १९४८ साली जन्मलेले, सर्वांत धाकटे २००१ सालचे. सव्वाशे गाणी जमली आहेत. निम्मी स्ट्रीमिंगवरची, निम्मी हार्ड डिस्कवरच्या एमपीथ्री फाइली.

अडचणी: एक गाणं कुजबुजतं, तर पुढचं अंगावर येतं. दशकानुसार लावायला गेलं की साठच्या दशकातल्या गाण्यांवर २००४ किंवा २०११ असं साल दिसतं. काही गाणी "तीच" असूनही तीच वाटत नाहीत. आणि सव्वाशेतून नेमकी किती आणि कोणती ठेवायची?

खरखर

शेवटून दुसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण बाकीचं बरंचसं तिथूनच येतं. तुम्ही गाणी निवडली आहेत, ध्वनिमुद्रणं निवडलेली नाहीत. एकाच लोकप्रिय गाण्याचे पाच-सहा अवतार सहज सापडतात: मूळ रेकॉर्ड, रीमास्टर (जुन्याच मुद्रणावर नव्याने प्रक्रिया करून काढलेली प्रत), त्याच गायकाने वीस वर्षांनी पुन्हा गायलेलं, दुसऱ्याच कोणी गायलेलं, मैफलीतलं आणि रेडिओसाठी कापलेलं. ज्या माणसाच्या कानात मूळ रेकॉर्ड बसली आहे, त्याला पहिल्या चार सुरांतच फसवणूक कळते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे लांबी. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या संकेतस्थळावर त्या काळच्या रेकॉर्डची नोंद काढा आणि तिथला वेळ ताडून पाहा. दोन-तीन सेकंदांचा फरक चालतो, तो शेवटच्या शांततेचा असतो. दहा-पंधरा सेकंदांचा फरक दिसला तर संशय घ्या. १० इंची ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. त्यामुळे १९५० सालच्या तबकडीवरचं गाणं पावणेपाच मिनिटांचं दिसत असेल, तर ते बहुधा नंतर गायलेलं किंवा दुसऱ्या स्रोतातून आलेलं असतं.

लांबी जुळली की सुरुवातीचं संगीत ऐका. नव्याने केलेल्या ध्वनिमुद्रणात खऱ्या व्हायोलिनच्या ताफ्याऐवजी कीबोर्ड असतो आणि तालवाद्य जरा जास्तच पुढे येतं. गायकाचा आवाज तोच असला, तरी वयाने जड झालेला असतो.

सालाचं म्हणाल तर अॅप दाखवतं ते बहुतेक वेळा त्या संग्रहाचं किंवा रीमास्टरचं साल. आयएसआरसी कोडवरही (प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा ओळखक्रमांक) जाऊ नका. त्यातले वर्षाचे दोन आकडे कोड दिला गेला त्या वर्षाचे असतात. ही पद्धतच १९८६ ची, म्हणजे १९६२ सालच्या गाण्याला कोड मिळाला तोच मुळी कितीतरी नंतर. हार्ड डिस्कवरच्या फाइली म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या गाण्यांची माहिती भरणाऱ्या प्रोग्राममधून काढा. त्यात प्रकाशनाची तारीख आणि मूळ प्रकाशनाची तारीख असे दोन वेगळे रकाने मिळतात, त्यातल्या दुसऱ्यावर क्रम लावा. मात्र फाइल एखाद्या संग्रहाशी जुळवली गेली, तर मूळ तारखेतही त्या संग्रहाचंच साल येतं. "सुवर्णकाळ", "सदाबहार" अशा नावाचे अल्बम दिसले की ते साल हाताने दुरुस्त करायचं.

आणखी एक. सर्वांत स्वच्छ ती प्रत सर्वांत चांगली, असं समजू नका. खरखर काढण्याच्या नादात "स", "श" बोथट होतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. गाण्याचे शेवटचे पाच सेकंद हेडफोनवर ऐका. शेवटचा सूर विरत जाण्याऐवजी कापल्यासारखा गप्प झाला, तर ती प्रत सोडा आणि थोडी खरखर असलेली घ्या. लोक ती खरखर दोन मिनिटांत विसरतात, मेलेला आवाज विसरत नाहीत.

मोजपट्टी

आवाजाच्या वरखालीचं उत्तर देतो. मूळ कारण असं की साठ-सत्तरच्या दशकांतल्या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठा यांत भरपूर अंतर असे. नव्वदच्या दशकात सीडीवर सगळंच कमाल पातळीला दाबून बसवायची चढाओढ लागली. दोन्ही एकामागोमाग लावली तर ८-१० डेसिबलचा फरक सहज पडतो.

स्ट्रीमिंग अॅपमध्ये "आवाज समान ठेवा" अशा अर्थाची सेटिंग असते, ती चालू करा. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आहे. तरीही काही जुनी गाणी हळूच राहतील, आणि तो बिघाड नव्हे. मोठं गाणं खाली आणायला अडचण नसते. हळू गाणं वर नेताना मात्र त्यातला सर्वांत उंच टोकाचा क्षण आड येतो. आणखी वाढवलं तर तो क्षण फाटेल, म्हणून अॅप तिथेच थांबतं.

हार्ड डिस्कवरच्या फाइलींसाठी फूबार२००० या प्लेअरमध्ये रिप्लेगेन (प्रत्येक गाण्याचा आवाज किती वर-खाली करायचा तो आकडा) मोजून घ्या. "ट्रॅक" पद्धत निवडा, "अल्बम" नाही. अल्बम पद्धत एकाच तबकडीतल्या गाण्यांमधला मूळ फरक जपते. मिसळीच्या यादीत नेमका तोच फरक नको असतो. रिप्लेगेनची आताची पातळी उणे १८ आहे, म्हणजे स्पॉटिफायपेक्षा ४ डेसिबल खाली. दोन्हीकडची गाणी आलटून पालटून वाजवणार असाल, तर फूबारमधली प्रीअँपची (एकूण आवाजाची) पातळी ४ डेसिबल वाढवा आणि क्लिपिंग (आवाज फाटणं) टाळण्याचा पर्याय चालू ठेवा. खरं सांगायचं तर कार्यक्रमात दोन प्लेअर चालवूच नका. सगळं एका ठिकाणी आणा.

एमपी३गेन या प्रोग्रामने फाइलच बदलायची असेल, तर आधी प्रत काढून ठेवा. आणि १२८ केबीपीएसची (कमी दर्जाची) फाइल ३२० करून काही परत येत नाही, फक्त जागा वाढते.

बी_साइड

किती आणि कोणती, यावर.

आधी वेळेचा हिशेब. पन्नास-साठच्या दशकांतलं गाणं सरासरी सव्वातीन मिनिटं धरा, ऐंशी-नव्वदचं पावणेपाच. मिसळ केली तर तासाला पंधरा. तीन तासांना ४५ पुरतात, ५५ ठेवा. वरची दहा राखीव: कुठलं गाणं पडतंय असं दिसलं की त्याच्या जागी टाकायला.

आता निवड. माणसाला १० ते ३० या वयातल्या आठवणी जास्त ठळक राहतात आणि गाण्यांच्या बाबतीत किशोरवयाचा काळ विशेष घट्ट बसतो. म्हणून दशक पाहू नका, जन्मवर्ष पाहा. त्यात १२ आणि २२ मिळवा. १९४८ च्या मंडळींसाठी १९६० ते ७०, १९७० वाल्यांसाठी १९८२ ते ९२. यादी करा, प्रत्येक वयोगटात किती जण आहेत ते मोजा आणि गाणी त्या प्रमाणात वाटा. बहुतेक प्लेलिस्ट इथेच फसतात. करणारा आपल्याच वयाची निम्मी गाणी भरतो आणि त्याला ते कळतही नाही.

२००१ वाल्यांची काळजी करू नका. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३ च्या अभ्यासात विशीतल्या तरुणांना आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटलेली दिसली. घरात वाजत आलेलं त्यांच्याही कानांवर पडलेलं असतं.

क्रम १९५० पासून २००० पर्यंत सरळ लावू नका, हे माझं ठाम मत. धाकटे पहिला तासभर कंटाळतात आणि ज्येष्ठ शेवटच्या तासात उठतात. एका काळाची तीन-तीन गाणी सलग, मग उडी. एक गाणं टाकून लगेच उडी मारली तर कोणाचाच सूर लागत नाही. तोच गायक सहा-सात गाण्यांच्या आत पुन्हा नको. संथ गाणी दोनपेक्षा जास्त सलग नकोत. पहिली वीस मिनिटं लोक बोलत असतात, तिथे सर्वांत लाडकी गाणी खर्ची घालू नका. शफल बंद.

क्रॉसफेड (एक गाणं विरतानाच पुढचं सुरू होणं) दोन सेकंद, फार तर तीन. जुन्या गाण्याची ओळख त्याच्या सुरुवातीच्या संगीतात असते. बारा सेकंदांचा क्रॉसफेड ठेवलात तर ती ओळखच आधीच्या गाण्याखाली बुडते.

कानसेन

मिश्रणाचं पटलं. आणखी दोन शंका. एका गाण्याची लांबी नोंदीत ३:२० आहे, माझ्याकडे ३:०९. काही कापलेलं नाही, पण आवाज किंचित चिरका वाटतो. दुसरं, खोलीच्या दोन टोकांना दोन स्पीकर ठेवणार आहे. काही गाण्यांत एका स्पीकरमधून फक्त गायक आणि दुसऱ्यातून फक्त वाद्यं येतात.

खरखर

पहिलं: २०० सेकंदांचं गाणं १८९ सेकंदांत संपतंय, म्हणजे जवळजवळ ६ टक्के जास्त वेगाने. बरोबर एक अर्धस्वर वर. कॅसेट किंवा तबकडी उतरवताना यंत्र जलद फिरलं असणार. दुसरी प्रत मिळत नसेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय घ्या, ०.९४५ पट. फक्त टेम्पो बदलणारा घेऊ नका. त्याने लांबी जुळेल, पण आवाज चिरकाच राहील. लांबी ३:२० च्या आसपास आली आणि आवाज ओळखीचा वाटला की थांबा.

दुसरं: साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या स्टिरिओत अशी सरळ वाटणी पुष्कळदा केलेली असे. फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" असतं, ते चालू करा. पसरलेल्या दोन स्पीकरना तेच बरं. एखादं गाणं मोनो केल्यावर पोकळ, डब्यातून आल्यासारखं वाटलं, तर ती मोनो रेकॉर्डला कृत्रिम स्टिरिओ करून काढलेली प्रत आहे. त्याची मूळ मोनो आवृत्ती शोधा.

बी_साइड

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी यादी डाउनलोड करा, फोन विमान मोडवर टाका आणि प्रत्येक गाण्याची पहिली व शेवटची दहा सेकंदं वाजवून पाहा. हक्क बदलले की गाणी स्ट्रीमिंगवरून न सांगता गायब होतात, यादीत फक्त करड्या रंगाची ओळ उरते. त्यासाठीच नाव, गायक, मूळ साल आणि लांबी असे चार रकाने वेगळ्या फाइलीत लिहून ठेवा. पुन्हा शोधताना नावापेक्षा लांबीच जास्त कामाला येते.