जुनी चेनसॉ, जुनं इंजिन : तुम्ही कधी जिवंत केलंय का? (अनुभव धागा)

गॅरेजकर
काल समोरच्या घरी मोठं डग्लस फरचं झाड चेनसॉने, म्हणजे साखळीच्या करवतीने, पाडत होते. खिडकी उघडी होती, टू-स्ट्रोकचा धूर आत आला आणि डोळ्यांपुढे थेट बाबांची चेतक. पंपावर आधी हातदांड्याने ऑइल, मग पेट्रोल, आणि ते नीट मिसळावं म्हणून बाबा स्कूटर डावी-उजवीकडे डुलवायचे. मी पुढे उभा. तोच वास, इथे ओरेगनमध्ये.

त्या वासापायीच तीन वर्षांपूर्वी एक चेनसॉ घेतली होती. होमलाइट एक्सएल-१२. साठच्या दशकातलं मॉडेल, बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि साखळी सोडून वजन १२ पौंड, म्हणून नावात १२. एका गॅरेज सेलमध्ये आजींनी वीस डॉलरला दिली. "चालत नाही हो, पण त्यांनी ती कधी पावसात ठेवली नाही," एवढंच म्हणाल्या. मॅग्नेशियमची बॉडी, वर अर्धा इंच तेलकट भुशाचा थर.

घेण्याआधी दोन गोष्टी बघितल्या. दोरीची मूठ धरून करवत अधांतरी धरली, ती झपकन खाली न येता थांबत थांबत उतरली. म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. मग सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून टॉर्च मारला, पिस्टनवर उभे ओरखडे नव्हते. बाकी सगळं दुरुस्त होतं, हे दोन नसेल तर हात लावू नये असं माझं ठाम मत.

कार्बुरेटर उघडला तर आतला डायफ्रॅम (पातळ पडदा) पापडासारखा कडक. नखाने दाबला तर टकटक वाजला. पेट्रोलची नळी हातात तुकडे होऊन आली. स्पार्क नव्हताच. फ्लायव्हीलखाली पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असतात, त्यांवर हिरवट बुरशी. बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग कोरा कागद ओढून पुसले, गॅप ०.०१५ इंच. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) नव्हता, जाड व्हिजिटिंग कार्ड चाललं. रात्री गॅरेजचा दिवा बंद करून दोरी ओढली आणि अंधारात प्लगवर निळी ठिणगी दिसली. बायकोला झोपेतून उठवून दाखवली.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. चेनसॉच पाहिजे असं नाही.

वाडीवाला
आमच्याकडे हिला कटर म्हणतात 🙂
३ जून २०२०. श्रीवर्धन. निसर्ग चक्रीवादळ. ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्या वाडीत रोठा सुपारीची पोफळ जवळजवळ सगळी आडवी, माड पडलेले, घरावर आंबा. लॉकडाऊन, लाइट नाही, फोन नाही. भाड्याच्या कटरला गावभर नंबर लागलेले. आम्ही कोयता आणि कुऱ्हाडीने चार दिवस नुसती वाट मोकळी करत होतो.
मग चुलतभावाने खोपोलीच्या भंगारवाल्याकडून एक कटर आणला. हुस्क्वार्ना, मॉडेलची पट्टी उडालेली. दोरी ओढली की परत आत जात नव्हती. उघडलं तर स्प्रिंगचं टोक तुटलेलं. नवी कुठून आणणार तेव्हा. तुटलेलं टोक गॅसवर लाल केलं, पक्कडीने नवा आकडा वळवला, दीड वेढा कमी झाला पण चालली. अजून तीच स्प्रिंग आहे आत.
माडाचं खोड कापताना सांभाळा. बाहेरून दगड. दर दोन कापांनंतर कानस मारावी लागायची.

मृण्मयी_क
वाडीवाला, वाचून गलबलले. आमच्या दिवेआगरच्या आत्याची पण सगळी वाडी गेली. नव्याने लावलेली पोफळ धरली का आता?

वाडीवाला
काही झाडं धरलीत. काही अजून वेळ घेतील. आत्याला नमस्कार सांगा ताई.

कानस_आणि_करवत
आजोबा सुतार. दोन माणसांची मोठी करवत होती, पाच फुटी. मी सहावीत असताना एका टोकाला मला उभं करायचे. सारखं सांगायचे, ढकलू नको रे, तू फक्त ओढ, परत न्यायची ती समोरचा नेतो. ढकललं की पातं वाकायचं आणि पाठीत बुक्की.
चेनसॉला धार लावतानाही तोच हात लागतो. कानस एकाच दिशेने, पुढे जाताना दाब, मागे येताना उचलायची. सगळे दात सारखे, एका बाजूचे जास्त घासले तर काप तिरका जातो. आणि दातापुढचा तो छोटा उंचवटा असतो ना, त्याला लोक विसरतात. दात घासून खाली जातात, उंचवटा तसाच राहतो, मग लाकूड कापायच्या ऐवजी नुसता भुसा आणि धूर. चपट्या कानसेने तोही जरा खाली घ्यायचा. जरा म्हणजे जरा. जास्त घेतला तर साखळी लाकडाला चावते आणि हात झटकते.

गॅरेजकर
क्या बात! हेच मला इथे कुणी सांगितलं नव्हतं.
यावरून आठवलं. आज सगळीकडे जी साखळी वापरतात तिचा जन्म आमच्या इथलाच. जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या, १९४६ साली एका ओंडक्यात अळी बघत बसला. ती सरळ पोखरत नव्हती, इंग्रजी सी आकाराच्या जबड्यांनी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून कापत चालली होती. त्याने तसेच डावे-उजवे दात साखळीला केले आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये घराच्या तळघरात कंपनी काढली. त्याआधीच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे असायचे, सारखी धार लावावी लागायची.

डॉ_निशिगंध
ओपीडी संपली, पटकन लिहितोय.
अवांतर : साखळीची करवत मुळात आमच्या धंद्यातली. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी हाड कापायला हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरली. अडलेल्या बाळंतपणात जघनास्थीचा (ओटीपोटाखालच्या हाडाचा) सांधा मोकळा करायला. भूल द्यायची सोय नव्हती तेव्हा. १८३० च्या सुमाराला जर्मनीत हाइने यांनी दांडा फिरवून चालणारी केली. लाकूड खूप नंतर आलं.

मृण्मयी_क
बाई गं. जेवताना वाचलं.

श्टुटगार्टची_सून
मस्त धागा. लिहितेच.
आम्ही जर्मनीत वाइब्लिंगनजवळ राहतो, चेनसॉ बनवणाऱ्या श्टीलचं मुख्य ऑफिस इथेच. आंद्रेआस श्टीलने १९२६ मध्ये श्टुटगार्टला पहिली विजेवर चालणारी केली, त्यामुळे इथे प्रत्येक म्हाताऱ्याच्या तळघरात एक तरी केशरी-राखाडी पेटी असतेच. शेजारच्या आजोबांनी त्यांची श्टील ०४१ आम्हाला दिली, कारण त्यांचे खांदे गेले आता.
चालू व्हायची पण आपोआप रेस वाढायची. तिरकी केली की अजून. नवरा कार्बुरेटरचे स्क्रू फिरवून थकला. तेवढ्यात सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले. त्यांनी आयुष्यभर शेतातली इंजिनं दुरुस्त केलीत. पहिल्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून नुसतं ऐकत बसले. मग म्हणाले, "सूनबाई, हे कुठनंतरी हवा ओढतंय. स्क्रूला हात लावू नका." कार्बुरेटर साफ करायचा स्प्रे घेतला आणि चालू इंजिनवर एकेका जागी थोडा थोडा मारत गेले. फ्लायव्हीलच्या बाजूला मारला आणि आवाज एकदम बदलला. क्रँकचं ऑइल सील वाळून आकसलं होतं. जास्त हवा म्हणजे तेल कमी, तेल कमी म्हणजे पिस्टन भाजतो. दोन्ही सील बदलली.
शेजारचे आजोबा रोज कॉफी घेऊन यायचे. सासऱ्यांना जर्मन नाही, त्यांना मराठी नाही. "ठीक" आणि "गूट" (छान) यावर तीन महिने काढले. परत जाताना सासऱ्यांनी त्यांना आमची पुरणपोळी बांधून दिली.
इथे सरकारी जंगलातून सरपण काढायचं तर चेनसॉचा कोर्स करून दाखला घ्यावा लागतो. मी घेतलाय. वर्गात बाई एकटी मीच होते.

कानस_आणि_करवत
सासऱ्यांना माझा दंडवत. कान असावा तर असा.

पीकेके
+१

लेकसाइड_दादा
मॅककुलोकवाले कुणी नाहीत का इथे?? माझ्याकडे पिवळी १०-१० आहे. व्हँकुव्हर बेटावर घेतली. आवाज असा की शेजारी घरात जातात.
त्या कंपनीची गोष्ट माहीत असेलच. १९४९ ची ३-२५, २५ पौंडाची, एका माणसाला उचलता येणारी. मालक रॉबर्ट मॅककुलोकने १९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेतला. खराखुरा! २४ लाख ६० हजार डॉलर. दगडांवर नंबर टाकून अमेरिकेत आणले आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात लेक हवासू सिटीत उभा केला. १९७१ ला उद्घाटन. मी मुद्दाम जाऊन आलो, पुलाच्या दगडाला हात लावला, करवतीच्या कारखान्याच्या पैशातून आलेला पूल म्हणून.

सायलीची_आई
आमच्या हिच्या शाळेत गॅदरिंगला लंडन ब्रिजवर नाच बसवलाय, आज सांगते तिला 😄

जुनाजाणता
पेट्रोल-ऑइलचं मिश्रण काय घालता सगळे? माझ्या जुन्या करवतीवर १६ ला १ लिहिलंय.

गॅरेजकर
ते त्या काळच्या साध्या ३० नंबर ऑइलसाठी. आताचं टू-स्ट्रोक ऑइल चांगलं असतं, मी ४० ला १ घालतो. १६ ला १ घातलं तर प्लग काळा होतो.

वाडीवाला
आम्ही तर डोळ्यांनी घालतो. पण पेट्रोलचं बघा. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल. पावसाळाभर टाकीत राहिलं की नळ्या फुगतात, कार्बुरेटरमध्ये चिकट साय धरते. काम झालं की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मगच गुंडाळून ठेवायचं.

अनामिक_पुणेकर
कुणाला नको वाटेल तरी लिहितो. माझ्या मावसभावाने जुनी करवत हौसेने चालू केली. उत्तम चालायची. बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला लागला आणि करवत उसळून खांद्यावर आली. सतरा टाके. हात वाचला. जुन्यांना चेन ब्रेक (करवत उसळली की साखळी थांबवणारा) नसतो, तो सत्तरच्या दशकात यायला लागला. चालू करा, ऐका, ठेवा. पण कापायला घेताना टोक कुठे आहे ते बघा, आणि एकटे असताना नकोच.

श्टुटगार्टची_सून
बरं झालं लिहिलंत. कसे आहेत आता?

अनामिक_पुणेकर
हात वर होतो पूर्ण. थंडीत दुखतो म्हणतो.

गॅरेजकर
काळजी घ्यायला सांगा. माझ्या एक्सएल-१२ लाही ब्रेक नाही, म्हणून मी तिच्यावर फक्त जमिनीवरचे सुके ओंडके कापतो. झाडावर कधीच नाही. तिचं साखळीचं तेलही अंगठ्याने बटण दाबून सोडावं लागतं. दर काही सेकंदांनी एक दाब. सुरुवातीला विसरायचो, आता अंगठा आपोआप जातो.
त्या आजींना व्हिडिओ पाठवला होता. त्यांनी फोन करून फक्त आवाज परत ऐकवायला सांगितला. दोनदा ऐकला. मग म्हणाल्या, हो, अशीच वाजायची, पहाटे.

मृण्मयी_क
😢

उषा_मशीनवाली
चेनसॉ नाही पण आईची शिलाई मशीन चालेल का? तीस वर्षं माळ्यावर. नुसतं रॉकेल आणि मशीनचं तेल, दोन दिवस भिजवत ठेवली, चाक फिरायला लागलं. पट्टा मात्र चामड्याचा मिळेना. कुठे मिळेल?

पीकेके
रविवार पेठेत विचारा ताई. पायमशीनचे सुटे भाग ठेवणारी दुकानं आहेत.

जुनाजाणता
वाडीवाला, त्या वादळात तुमचा फणस पडला होता का? देव्हारा करायचाय. पिवळा जून फणस इथे वखारीत मिळत नाही.

वाडीवाला
पडला होता. सहा फुटी ओंडका पडवीत सावलीला ठेवलाय, टोकांना चुना लावून. आता चांगला वाळलाय. उभं झाड तोडायला परवानगीची कटकट असते, हा वादळातच पडलेला आहे. देव्हाऱ्याचं माप घेऊन या, पावसाआधी या. कटर मी चालवतो, तुम्ही दुसरं टोक धरा.