भुताची गोष्ट, मूकपट आणि चित्रपुस्तक: मुलांच्या एकाच संध्याकाळी तिन्ही बसतील का?

मलप्रभाकाठ (खानापूर)
गल्लीतल्या वाचनालयात श्रावणातल्या एका शनिवारी, संध्याकाळी साडेपाचपासून दोन तास मुलांचा कार्यक्रम ठेवलाय. पंचवीस-तीस पोरं, वय ५ ते १३, निम्मी मराठी शाळेतली, निम्मी कन्नड. एक चित्रपुस्तक, एक भुताची गोष्ट, एक जुना सिनेमा असा बेत आहे. वर पत्रे आहेत आणि पाऊस असणारच. आधी काय, नंतर काय? आणि भुताची गोष्ट मुळात वाचावी का? स्पष्ट मत सांगा.

दिवेलागण (बेळगाव)
वाचा की! पण नऊ वर्षांच्या पुढच्यांनाच, आणि शेवटी नको. गोष्ट संपली की लगेच अंधारातनं घरी जायचं असेल तर पोरं रात्रभर झोपत नाहीत. मध्ये अर्धा-पाऊण तास दुसरं काहीतरी हवं.

निवडीबद्दल: नारायण धारपांच्या भयकथांतली भीती सावकाश साचत जाते. पंधरा मिनिटांचा तुकडा काढला की हातात नुसतं वर्णन उरतं. मोठ्यानं वाचायला रत्नाकर मतकरींच्या गूढकथा सरस, कारण त्या आटोपशीर असतात आणि शेवटाला गर्रकन फिरतात. मात्र त्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. आधी स्वतः पूर्ण वाचा आणि जिथं लहान मुलाचं वाईट होतं ती गोष्ट सरळ बाजूला ठेवा. मिनिटाला साधारण ११० शब्द धरा, म्हणजे बारा-तेरा मिनिटांना १४०० शब्द. त्यापुढं मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते.

वाचताना भुताचा आवाज काढू नका. आवाज काढला की पोरं हसतात आणि गोष्ट तिथंच मरते. उलट आवाज थोडा खाली आणा, भीतीच्या वाक्याआधी दोन-तीन सेकंद थांबा. सगळे दिवे घालवू नका. वाचणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, एक दिवा बाजूला राहू दे. आणि गावातलीच विहीर किंवा वेशीवरची चिंच गोष्टीत आणू नका. त्याच वाटेनं त्यांना परत जायचं असतं.

जुनंरीळ (निपाणी)
सिनेमा मूकपटच घ्या. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की बोलपटातलं अक्षर ऐकू येत नाही, आणि मराठी-कन्नडचा प्रश्नही उरत नाही. मधल्या पाट्या, म्हणजे पडद्यावर लिहून येणारा मजकूर, दोघांनी दोन्ही भाषांत मोठ्यानं वाचायच्या.

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२ चा रक्तपिपासूचा मूकपट ‘नोस्फेराटू’ बरेच जण सुचवतील. जिन्यावरून चढणारी ती सावली आजही अंगावर काटा आणते, पण दीड तासाचा सिनेमा पाच वर्षांच्या पोराला नको. त्यापेक्षा दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ दाखवा. आज मिळणारी प्रत पाऊण तासाच्या आसपास आहे. कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव दाखवते, तिथंच पोरं खिळतात. पुढं नागाशी झुंज येते. ती भीती लहानग्यांना पेलते, कारण कृष्ण जिंकणार हे त्यांना ठाऊक असतं.

प्रत आधी तपासा. मूकपट बहुधा सेकंदाला १६ ते २० चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित व्हायचे. २४ नं चालवले की माणसं तुरुतुरु पळतात आणि गंभीर प्रसंगाला हशा पिकतो. इंटरनेटवरच्या प्रतीला भलतंच संगीत चिकटवलेलं असेल तर आवाज बंद करून पेटी वाजवा.

पडद्याच्या चादरीला खालून बांबू बांधा, नाहीतर वाऱ्यानं चित्र हलतं. पडदा सहा फूट रुंद असेल तर पहिली रांग नऊ फुटांवर बसवा. प्रोजेक्टर जुना, दिव्याचा असेल तर इन्व्हर्टर हवाच; वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो.

मलप्रभाकाठ
पटलं. चित्रपुस्तकही प्रोजेक्टरवरच दाखवलं तर?

पानउलट (बेळगाव)
नको, माझा ठाम विरोध आहे. चित्रपुस्तकाची सगळी गंमत पान उलटण्यात असते. मॉरिस सेंडॅकचं १९६३ चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ बघा: मजकूर जेमतेम ३३८ शब्दांचा. मुलगा रानात शिरत जातो तसं चित्र पानागणिक मोठं होतं, शेवटी शब्दांना हाकलून दोन्ही पानं व्यापतं. सलग तीन जोडपानांवर एक अक्षर नाही. तिथं वाचणाऱ्यानंही गप्प बसायचं. पडद्यावर हे सगळं एकाच मापाचं होऊन जातं.

आठ-दहा पोरांचे तीन गट करा, तीन वाचक, तीन कोपरे. पुस्तक खांद्याशेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका हातानं खालून धरा. वाक्य संपायच्या आतच पानाचा कोपरा चिमटीत असू दे.

कन्नडसाठी वाक्यागणिक भाषांतर करू नका, लय तुटते. एकदा सगळं पुस्तक मराठीत, मग सगळं कन्नडमध्ये. दुसऱ्या वेळी पोरं चित्रंच जास्त बघतात, ते चांगलंच. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर बरीच पुस्तकं दोन्ही भाषांत फुकट आहेत, छापूनही घेता येतात.

दिवेलागण
मग क्रम असा लावा: साडेपाचला उजेड आहे तोवर चित्रपुस्तक. सव्वासहाला लहान पोरांना चित्रं काढायला दुसऱ्या खोलीत बसवा आणि मोठ्यांना गोष्ट वाचा. पावणेसातला सगळे एकत्र, कृष्ण आणि कालिया. श्रावणात तेव्हा पुरता अंधार नसतो, खिडक्यांना पोती लावा.