अर्ज सल्लागाराने भरला, आता आरएफई आली आहे. वकील कसा पारखावा?

शोधयात्री:
नमस्कार. मी अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि पत्नी एच-४ वर, म्हणजे त्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. तिला पुढे शिकायचे असल्यामुळे आम्ही एफ-१ या विद्यार्थी दर्जासाठी आय-५३९ हा दर्जा बदलाचा अर्ज केला, पण वकिलाची फी वाचावी म्हणून तो एका ‘इमिग्रेशन सल्लागारा’कडून भरून घेतला. आता अधिक पुरावे मागणारी नोटीस, म्हणजे आरएफई, आली आहे. त्या निमित्ताने अर्जाची प्रत पहिल्यांदाच बारकाईने वाचली, तेव्हा अमेरिकेत नोकरी केली आहे का, या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिलेले आढळले. प्रत्यक्षात पत्नीने एच-४ ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचे कार्ड, मिळाल्यावर, रीतसर परवानगीने पाच महिने काम केले होते. सल्लागार म्हणतात की तो विषय न काढताच उत्तर पाठवू. आम्हाला हे पटत नाही. खात्रीचा वकील कसा शोधावा?

कागदपत्रे:
तुमचे मन जे सांगते आहे तेच बरोबर आहे. अर्ज कोणीही भरला असला तरी त्यावर सही तुमच्या पत्नीची आहे आणि ती सही खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेली असते. चूक समजल्यानंतरही गप्प राहिल्यास ती चूक न राहता जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती ठरू शकते आणि त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक व्हिसावर, अगदी ग्रीन कार्डावरही होऊ शकतो. वाईट वाटते ते याचे की लपवण्यासारखे काही नव्हतेच, कारण काम परवानगीचे होते आणि त्याचे कार्ड व पगाराच्या पावत्या तुमच्याकडे असतील. मात्र ही दुरुस्ती कोणत्या शब्दांत मांडायची, ते वकिलालाच ठरवू द्या.

आता पारख कशी करावी, याविषयी. इमिग्रेशनचा कायदा संघीय असल्यामुळे वकील अमेरिकेतील कोणत्याही एका राज्याच्या बारचा, म्हणजे वकिलांच्या अधिकृत संघटनेचा, सदस्य असला तरी चालतो. त्याचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. वकिलाशिवाय, मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थांमधील, न्याय विभागाने अधिकृत केलेले प्रतिनिधीही कायदेशीर सल्ला देऊ शकतात आणि त्यांची यादी न्याय विभाग प्रसिद्ध करतो. नोटरी किंवा सल्लागार यांना तो अधिकार नाही. तुम्ही सांगाल ते फॉर्ममध्ये उतरवणे एवढीच त्यांची मर्यादा आहे, आणि मोबदला घेऊन फॉर्म भरणाऱ्याने त्यात ‘प्रिपेअरर’ म्हणून स्वतःचे नाव आणि सही द्यावी लागते. तुमच्या प्रतीत तो रकाना कोरा आहे का, ते जरूर पाहा. खरा वकील जी-२८ फॉर्म दाखल करून स्वतःचे नाव प्रकरणाला जोडतो. जी-२८ ला टाळाटाळ करणाऱ्याकडे जाऊ नका.

दूरचा_प्रवासी:
वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मुदतीबद्दल थोडे सांगतो, कारण माझे त्यातच नुकसान झाले होते. नोटिशीवर छापलेली तारीख अंतिम असते, ती वाढवून मिळत नाही, आणि उत्तर एकदाच, सर्व पुराव्यांसह एकत्र द्यायचे असते. मी निम्मी कागदपत्रे आधी पाठवून बाकीची नंतर देऊ असे ठरवले, पण त्यांनी निम्म्यांवरच निर्णय दिला. म्हणून पहिल्या भेटीलाच नोटीस, पूर्ण अर्जाची प्रत, पावती आणि ईएडी सोबत न्या. आणखी एक: दर्जा बदलाचा अर्ज प्रलंबित असताना पत्नीने देशाबाहेर प्रवास केला, तर तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते. घरी कितीही निकड असली तरी आधी वकिलाला विचारा.

शोधयात्री:
दोघांचे मनापासून आभार. प्रिपेअररचा रकाना खरोखरच कोरा आहे. माझ्या कंपनीचे वकील माझे एच-१बीचे काम पाहतात. त्यांनाच विचारले तर चालेल का?

कागदपत्रे:
विचारायला हरकत नाही, परंतु एच-१बीच्या प्रकरणात ते कंपनीचेही वकील असतात. त्यामुळे तुम्ही सांगितलेली गोष्ट कंपनीपासून गुप्त राहील का, हे आधी स्पष्ट करून घ्या. या प्रकरणात स्वतंत्र वकील घ्यावा, असे माझे मत आहे. फी किती, त्यात आरएफईचे उत्तर धरले आहे का, आणि अर्ज नामंजूर झाल्यास पुढचे काम वेगळे आकारले जाईल का, हे लेखी करारात असू द्या. निकालाची हमी देणारा भेटला, तर तिथून उठून या. सल्लागाराशी यापुढे फोनवर बोलू नका. तुमची पूर्ण फाइल ईमेलने मागा, म्हणजे त्यांनी काय भरले आणि केव्हा, याची नोंद वकिलाच्या हाती राहील.