नाताळच्या कार्यक्रमातून भजन काढायचं म्हणतायत, कारण म्हणे ते "हिंदू" आहे. खरंच का?

राहुरीची_लेक:
सलाम सगळ्यांना. आम्ही मूळचे राहुरीकडचे, आता पिंपरीत, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळी. दरवर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी भजन असतं, पेटी ढोलकी झांज, सगळ्या मावश्या-आज्या पुढं बसून टिळकांची (रेव्हरंड ना. वा. टिळक, ख्रिस्ती कवी) पदं म्हणतात. यावर्षी मीटिंगमध्ये तरुण संघ म्हणाला ड्रम-कीबोर्डवालं वर्शिपच ठेवू आणि भजन बंद, कारण ते मूर्तिपूजेतून आलंय, आणि एकाने तर मोबाईलवर कुठल्यातरी पास्टरचा व्हिडिओच लावून दाखवला. सासूबाई तेव्हापासून जेवताना पण हाच विषय. मला गिटारचं काही वावडं नाही हो, पण "हे आपलं नाहीच" हे खरंय का? मिशनरी लोकांनी लोकांना ओढायला सुरू केलेलं का हे? पाळकसाहेब म्हणतात प्रार्थना करा, म्हणजे निर्णय आमच्याच गळ्यात.

जुनी_वही:
ताई, उलट आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये आणि सुरुवातीला जे गायलं जायचं त्यात बरीचशी इंग्लिश गीतं मराठीत केलेली, चाल तिकडचीच. शब्द मराठी पण जोर भलत्याच अक्षरावर, गाताना जीभ अडखळते, जुन्या पुस्तकातली काही गाऊन बघा म्हणजे कळेल. मग इथल्याच माणसांनी आपल्या चालीत लिहायला घेतलं. सगळे टिळकांचं नाव घेतात पण त्यांच्या आधी नगरलाच कृष्णा रत्नाजी सांगळे पदं रचत होते, कीर्तनं करत होते. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ ला, त्यांना संतवाङ्मय तोंडपाठ, ते स्वतःच म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, कारण त्यांना चर्चचा साहेबी थाट पटत नव्हता. म्हणजे मिशनऱ्यांची युक्ती कसली, मिशनच्या चौकटीला कंटाळूनच हे झालं.

आणि त्याही आधी, १६१६ ला गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स या जेझुइट (कॅथलिक संघातल्या) धर्मगुरूचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, दहा हजाराच्या वर ओव्या, माणूस इंग्लंडचा पण मराठी बघा वाचून. नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं म्हणून लिहिलं. गंमत म्हणजे पुढे १७३६ ला त्याच गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फतवा काढला त्यात ख्रिस्ती लग्नात ओव्या गाण्यावर बंदी. म्हणजे तुमच्या पोरांचा मुद्दा काही नवीन नाही, पार इन्क्विझिशनच्या काळचा आहे 😄

वसईकर_आगाशी:
आमच्याकडे कॅथलिकांत पण हेच झालेलं. पोर्तुगीज १७३९ ला गेले, चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तरी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच चालू राहिली पार १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलपर्यंत, म्हणजे रोमला भरलेल्या बिशपांच्या परिषदेपर्यंत. आमची नानी लॅटिन उत्तरं धडाधडा द्यायची, अर्थ विचारला की चिडायची. मग मराठी आली आणि १९६९ ला रोमने भारतासाठी बारा गोष्टींना परवानगी दिली, आरती, अगरबत्ती, मांडी घालून बसणं, वगैरे. तर ज्यांना लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता तेच म्हणायला लागले की फादर आपल्याला हिंदू करतायत. आता त्यांचीच नातवंडं मराठी मिस्सेला कंटाळून इंग्लिश मिस्सेला जातात. चालायचंच.

बेस_वाला:
मी तरुण संघवाला आहे, तुमच्या चर्चचा नाही पण आमच्याकडेही सेम भांडण. ते मूर्तिपूजा वगैरे चूकच बोलले, त्यात मी नाही. पण खरं कारण कोणी बोलत नाही, आम्ही सगळे इंग्लिश मीडियम, "उपासना संगीत" या गीतांच्या पुस्तकातले अर्धे शब्द कळत नाहीत, आणि भजनाला आम्हाला कोणी वाजवायलाच देत नाही, ढोलकी ठराविक काकांची, पेटी ठराविक काकूंची, आम्ही खुर्च्या मांडायच्या. वर्शिपमध्ये निदान आपण आहोत असं वाटतं. आणि पेटीला देशी म्हणू नका प्लीज, ती पॅरिसला बनलेली, १८४० च्या आसपास. आमचा कीबोर्ड तिचाच नातू.

एकतारी:
वरचं सगळं वाचलं. जुनी वही यांनी चांगलं लिहिलंय पण तुमचा इतिहास सांगळे सोडले तर एक ब्राह्मण कवी आणि एक जेझुइट फादर यांच्यातच फिरतो, आणि नगर जिल्ह्यातली मंडळी भरली कोणी? महारवाड्यांनी, मांगवाड्यांनी. माझे पणजोबा नेवाशाकडचे, बाप्तिस्म्याआधीपासून एकतारीवर भजन म्हणायचे, चोखोबाचे अभंग. त्यांना देवळात पाऊल ठेवू देत नव्हते. मग हे भजन देवळातून आलं कसं म्हणता? ते देवळाच्या बाहेर बसूनच गायलेलं आहे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा एकतारी सोबत आणली, ती काय कोणाची परवानगी घेऊन?

दुसरी गोष्ट, चर्चचं भारतीयीकरण म्हटलं की लोकांना ओम, भगवं, संस्कृत आणि आश्रम आठवतो. आमच्या महाराष्ट्राचेच अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात हेच विचारलं, बंगलोरला आणि मग मद्रासला गुरुकुल या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, की ही भारतीय ख्रिस्ती थिऑलॉजी (धर्मविचार) वेदांताशी बोलत बसलीय आणि चर्चमधली बहुतेक माणसं दलित, त्यांचं दुःख कुठाय यात. तिथून दलित थिऑलॉजी उभी राहिली. म्हणून मला "भारतीय विरुद्ध विदेशी" हे भांडणच अर्धवट वाटतं. पोरांना विचारा, भजन कोणाचं आहे असं त्यांना वाटतंय.

जुनी_वही:
एकतारी, मान्य. फक्त टिळकांची पदं पाठ करून टिकवली ती याच वस्त्यांतल्या बायकांनी, वाचता येत नसताना. त्यामुळे ती आता एकट्या टिळकांची राहिलेली नाहीत असं मी धरतो.

राहुरीची_लेक:
बापरे एवढं येईल वाटलं नव्हतं. एकतारी दादांची कमेंट सासूबाईंना वाचून दाखवली, त्या म्हणाल्या त्यांच्या आजोळी पण एकतारीच होती, पेटी फार नंतर आली, मिशन कंपाउंडमधून. हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मीटिंग परत आहे. मी म्हणणार आहे की भजन राहू दे पण वाजवायला दोन पोरं घ्या, आणि दोन पदं गिटारवर बसवा. ढोलकीवाले काका मात्र ऐकतील असं वाटत नाही, ते तरुण संघावर आधीच भडकलेत.

बेस_वाला:
काकांना सांगा पोरगं शिकायला येतंय, हटवायला नाही. आणि पदांचे कॉर्ड्स हवे असतील तर मेसेज करा, आम्ही तीन-चार बसवलीत, भजनी ठेका आहे, ड्रमरला आधी जड गेला कारण त्याचा हात सारखा रॉकवर जातो. फक्त प्रॅक्टिस संध्याकाळी सहाला म्हणजे सहाला ठेवा, भजनवाले आठला येतात.